रिलीव्हर कोण?

भिलाईतलं पोर ‘आई’, ‘बाबा’ यांच्यानंतर तिसरा शब्द शिकतं, ‘मेंटेनेंस’. नळ टपकतोय, मेंटेनेंसला सांगा. छत गळतंय, मेंटेनेंसला सांगा. बाबा रात्री साडेनऊला डबा घेऊन निघाले, तेही मेंटेनेंसलाच. नळाचं पुढे काय झालं, ते विचारू नका.

२ फेब्रुवारी १९५५ला पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद आले आणि पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. उद्‌घाटनाचे फोटो निघाले. दुसऱ्या दिवसापासून ती फर्नेस ज्यांनी चालू ठेवली, त्यांचे फोटो? असतील की. गेटपासवर.

पण एक गोष्ट या गावाने पक्की केली. रिलीव्हर. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहत नाही, तोवर आधीच्याने जागा सोडायची नाही. आणि तो आला, की मागे वळून बघायचं नाही. उशिरा आला तर त्याच्या खानदानाचा उद्धार करायचा आणि ओव्हरटाइम लिहायचा. ओव्हरटाइम हातात पडतो की नाही, हा युनियनचा विषय.

हे आठवायचं कारण, सेक्टर ६ मधला आमच्याच ओळीतला एक इंजिनिअर पोरगा.

नोकरी बेंगळुरूच्या कंपनीत, बसतो भिलाईत. त्याशिवाय त्याचं एक प्लगिन आहे. प्लगिन म्हणजे चालू सॉफ्टवेअरला लावायचं जोडकाम. वर्डप्रेसवर केलेल्या वेबसाइटवर तारखा आणि आकडे देवनागरीत दिसावेत, एवढंच त्याचं काम. कॉलेजात असताना एका मंडळाच्या वेबसाइटसाठी लिहिलं, चाललं, मग ओपन सोर्स म्हणून सगळ्यांना देऊन टाकलं. कुणीही घ्या, वापरा, बदला, वाटा. लोकांनी पहिल्या दोन गोष्टी लगेच केल्या.

वडील रेल मिलमधून रिटायर. रोज रात्री पोराचा दिवा जळताना बघून त्यांनी एकदा चौकशी लावली.

“याचा पगार किती भेटते?”

“नाही भेटत, बाबा.”

“हाजरी कोन घेते?”

“कोनीच नाही.”

“अन् सुट्टी?”

“सुट्टीतच तर करून राहिलो.”

“बरं. तुझा रिलीव्हर कोन?”

पोरगा गप्प. जन्मभर शिफ्ट केलेल्या माणसाला जे चार प्रश्नांत कळलं, ते जगातल्या बड्या कंपन्यांना अजून कळलेलं नाही. किंवा कळलंय. म्हणूनच त्या प्रश्न विचारत नाहीत.

लोकांना वाटतं, कोड एकदा लिहिला की झालं. तो काय लोखंड आहे गंजायला?

गंजतो. शेजारच्याच्या ओलीने.

प्लगिनमधली एक ओळही बदलत नाही; बदलतं ते आजूबाजूचं सगळं. वर्डप्रेसची नवी आवृत्ती येते. त्याच्या खालची पीएचपी ही भाषा बदलते. २०२०च्या नोव्हेंबरात पीएचपी ८ आली आणि कालपर्यंत निमूट चालणारी कितीतरी जोडकामं एका रात्रीत अडखळली. काही न करता बिघडण्याची सोय आधी फक्त तब्येतीला होती.

वर्डप्रेसवर जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट चालतात. त्याच्या अधिकृत कोठारात साठ हजारांच्या घरात फुकट प्लगिन आहेत. या कोठाराचा एक मजेदार रिवाज आहे. तीन मोठ्या आवृत्त्या येऊन गेल्या आणि तुम्ही ‘अमुक आवृत्तीपर्यंत तपासलं’ हा आकडा वाढवला नाही, तर तुमच्या पानावर पट्टी लागते: या प्लगिनची अलीकडच्या आवृत्त्यांवर चाचणी झालेली नाही. उपाय? ‘रीडमी’ नावाच्या फायलीत एक आकडा बदलायचा. कोड जुना, आकडा नवा, पट्टी गायब. फायलीवर ‘पाहिले’ लिहून पुढे सरकवण्याची आपली कला सातासमुद्रापार गेली, याचा अभिमान वाटायला हवा.

आमचा पोरगा मात्र खरंच तपासून मग आकडा बदलतो. प्रामाणिकपणाचे दुष्परिणाम रविवारी जाणवतात.

मग तारे. पाचपैकी एक तारा, शेरा एकच: चालत नाही. काय चालत नाही? कुठल्या आवृत्तीवर? काय केल्यावर? उत्तर नाही, गृहस्थ तारा ठेवून निघून गेलेले असतात. ज्यांच्याकडे व्यवस्थित चालतं, ते हजारो लोक तारे द्यायला येत नाहीत. त्यांचं चालूच आहे ना!

काही पत्रं तांबड्या अक्षरांत येतात. ‘अर्जंट. क्लायंटची साइट बंद आहे.’ क्लायंटने या गृहस्थांना पैसे दिलेत. गृहस्थांनी पोराला त्यातला वाटा दिलाय, ‘अर्जंट’ हा शब्द.

आभाराचं पत्रही येतं हो, नाही कशाला म्हणू. खाली एक छोटीशी विनंती असते.

प्लगिनवाल्याचं दुखणं साध्या प्रोग्रामरपेक्षा वेगळं, कारण त्याचं घर दुसऱ्याच्या जमिनीवर. जमीनमालक एक दिवस ठरवतो, नकाशा बदलायचा. १४ नोव्हेंबर २०१७ला फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीने लिहिलेली जोडकामं सरसकट बंद पडली. कारणं रास्त होती: वेग, सुरक्षितता. पण वर्षानुवर्षं सांभाळलेलं काम पुन्हा पहिल्यापासून कुणी लिहायचं? फायरफॉक्सचा पगार घेणाऱ्याने? छे. फुकट लिहिणाऱ्याने.

ई-पुस्तकांचा ‘कॅलिबर’ घ्या. कोविद गोयल या भारतीय माणसाने २००६ साली सुरू केला (नाव २०२०च्या बरंच आधीचं आहे, विनोद करू नयेत). २०२०च्या सप्टेंबरात पाचवी आवृत्ती आली ती जुनी पायथन सोडून पायथन ३ वर. निर्णय बरोबर, उशिराच झालेला. पण कॅलिबरभोवती बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या प्लगिनचं एक गोकुळ आहे. ज्यांचे लेखक जागेवर होते ती नव्या भाषेत आली, ज्यांचे लेखक संसाराला लागले होते ती मागे राहिली. वाचकांनी तक्रार कुणाकडे केली? संसाराला लागलेल्यांकडेच.

आता मोठ्यांची अवस्था बघू. पोराला तेवढाच धीर.

२०२१च्या डिसेंबरात ‘लॉग-फोर-जे’ नावाच्या जावाच्या घटकात भलंमोठं भोक सापडलं. नोंदी लिहून ठेवणारा बारकासा घटक. बँकांत, सरकारी सर्व्हरवर, खेळांत, सगळीकडे. सांभाळणारी माणसं मोजकी, दिवसा दुसरीकडे नोकरी करणारी. जगाला हा शोध भोक पडल्यावर लागला. काम फावल्या वेळातलं होतं, शिव्या पूर्णवेळ मिळाल्या.

इथे कारखान्याची आरती ओवाळायचा इरादा नाही. ९ ऑक्टोबर २०१८ला भिलाईत कोक ओव्हन गॅसच्या पाइपलाइनवर देखभालीचं काम चालू असताना स्फोट झाला, माणसं गेली. रिलीव्हर, शिट्टी, हेल्मेट, सगळं असून गेली. पण निदान कोण ड्यूटीवर होतं, परवाना कुणी दिला, हे विचारलं गेलं. कारखान्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची खुर्ची गेली. लॉग-फोर-जे फुकट वापरून नफा कमावणाऱ्या कंपन्यांत किती खुर्च्या हलल्या?

हलली ती पत्रं लिहिणारी बोटं.

‘कर्ल’ हे इंटरनेटवरून माहिती ने-आण करणारं साधन. स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग १९९८पासून ते सांभाळतोय. तुमच्या फोनमध्ये, टीव्हीत, गाडीत बहुधा आहेच. लॉग-फोर-जेशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी २०२२च्या जानेवारीत त्याला फॉर्च्यून ५०० यादीतल्या एका कंपनीचं पत्र आलं: भोकाबाबत तुम्ही काय उपाय केलेत, चोवीस तासांत कळवा. त्याने कळवलं, आनंदाने सांगतो, आधी सपोर्टचा करार करू. कंपनीने विचारलं, म्हणजे आम्ही तुमचे ग्राहक नाही का? आणि मायना लिहिला, ‘डेव्हिड’ यांस.

चोवीस वर्षं फुकट वापरलं. नाव तेवढं पाठ व्हायचं राहिलं.

याच स्टेनबर्गकडे पुढे एआयकडून लिहून घेतलेल्या सुरक्षा-तक्रारींचा पूर आला. नसलेली भोकं, नसलेल्या ओळी, भाषा मात्र गुळगुळीत. भोक शोधणाऱ्याला बक्षीस होतं ना! शेवटी त्याने २०२६च्या जानेवारीत बक्षीस योजनाच गुंडाळली. यंत्राने माणसाचं काम हलकं केलं म्हणतात. खरंय, तक्रार लिहिणाऱ्याचं केलं.

आपल्या देशाचं योगदान विचारता? आहे की. २०२०च्या ऑक्टोबरची गोष्ट. एक अमेरिकी होस्टिंग कंपनी दरवर्षी ‘हॅकटोबरफेस्ट’ भरवायची: ओपन सोर्स प्रकल्पांना चार दुरुस्त्या पाठवा, टी-शर्ट मिळवा. आपल्याकडच्या एका लोकप्रिय यूट्यूब मास्तरांनी दुरुस्ती कशी पाठवायची याचं प्रात्यक्षिक दाखवलं. झालं. जगभरच्या मेंटेनरांच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या, दारात दुरुस्त्यांचे ढीग. दुरुस्ती काय? माहितीच्या पानावर ‘उत्तम प्रकल्प’ असे दोन शब्द वाढवलेले. आयोजकांना पहिल्या आठवड्यातच नियम बदलावा लागला. टी-शर्टसाठी आपण काय करू शकतो, हे जगाला लग्नाच्या वरातींवरून आधीच कळायला हवं होतं.

२०२४च्या सुरुवातीला तोच प्रयोग ‘एक्सप्रेस’ या प्रसिद्ध प्रकल्पावर. क्लासमध्ये दाखवलेला धडा पोरांनी खऱ्याखुऱ्या प्रकल्पावर गिरवला आणि माहितीच्या पानावर आपापली नावं लिहून पाठवली. किल्ल्यांच्या भिंती कमी पडल्या असाव्यात.

भिलाई-दुर्गमध्ये इंजिनिअरिंग कॉलेजं काय कमी आहेत? बीआयटी आहे, तांत्रिक विद्यापीठ आहे, आता आयआयटी आहे. ‘ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युशन’ ही बायोडेटामधली एक ओळ आहे, हे पोरांना पहिल्या सेमिस्टरला सांगतात. कुणाच्या तरी रविवारी ती ओळ तपासली जाते, हे आठव्या सेमिस्टरपर्यंत सांगत नाहीत.

आता पैशाचं बोलू. मराठी माणसाने टाळलं तरी.

सेक्टर ६ची जामा मशीद प्रसिद्ध आहे. ‘या अल्लाह’च्या अक्षरांचा आकार तिच्या बांधणीत आहे. बघायला लोक लांबून येतात. कुठलीही मशीद, मंदिर, गुरुद्वारा, चर्च घ्या, रंगकामाला कमिटी असते, कमिटीला खजिनदार असतो, खजिनदाराजवळ पावतीपुस्तक असतं. कुणाला त्यात गैर वाटत नाही. प्लगिनच्या पानावर मदतीचं बटण लावा. ‘शेवटी धंदा सुरू केलाच’ असं म्हणायला पहिला तोच येतो, ज्याने कधी वर्गणी दिलेली नाही.

डेनिस पुश्कारेव या रशियन प्रोग्रामरला विचारा. जुन्या ब्राउझरला नवी जावास्क्रिप्ट समजावी म्हणून त्याने ‘कोअर-जेएस’ लिहिलं. नामांकित वेबसाइटच्या पोटात ते सापडतं. २०१९ साली ते इन्स्टॉल करताना पडद्यावर चार ओळी उमटायला लागल्या: मदत करा, आणि लेखक चांगल्या नोकरीच्या शोधात आहे. लोक खवळले. पडदा घाण होतो म्हणे! कोड कुणी काढून टाकला नाही. ओळी लपवायची युक्ती मात्र लगेच निघाली.

आणि द्यायची इच्छा झालीच, तरी? रिझर्व्ह बँकेचे दरमहा कापल्या जाणाऱ्या रकमांचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून लागू झाले आणि परदेशी सेवांवर कित्येकांची कार्डं नाकारली जाऊ लागली. ग्राहकाच्या हिताचाच नियम होता. औदार्य हे अनधिकृत कपातीत मोडतं, एवढंच.

केंद्र सरकारने २०१५ साली धोरण काढलं: सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य. छान. परवान्याचे पैसे वाचतात. वाचलेल्यातले चार आणे सांभाळणाऱ्याला द्यावेत, हे धोरण पुढच्या पंचवार्षिकात. जर्मनीने २०२२ साली त्यासाठी सरकारी निधी काढला. आपल्याकडे झिरोधाने २०२४च्या ऑक्टोबरात फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत. म्हणजे पाया खचतोय का, याची चिंता वाहिली शेअर दलालाने.

वापरणाऱ्या बाकी आयटी कंपन्या? त्या ‘ओपन सोर्सप्रेमी’ आहेत. प्रेमात हिशेब नसतो.

पण पैसे मिळाले की प्रश्न सुटला, असंही नाही. ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारं प्लगिन. कोट्यवधी लोकांनी लावलंय. लेखक रेमंड हिल देणगी घेतच नाही. पैसे आले की हिशेब आला, हिशेब आला की बांधिलकी आली, आणि छंदाची नोकरी झाली, असं त्याचं म्हणणं. याच माणसाने २०१५ साली मूळ ‘यूब्लॉक’ दुसऱ्याच्या हाती सोपवलं होतं. तक्रारी निस्तरण्यातच वेळ जात होता. नव्या धन्याने पहिल्यांदा काय केलं? देणगीचं बटण लावलं. हिलने ‘ओरिजिन’ शेपूट जोडून आपली वेगळी चूल मांडली. सोडून दिलेलं काम पुन्हा अंगावर घेणारा हा एकमेव रिटायर माणूस असेल, आणि त्याला पेन्शनही नाही.

पुढे गूगलने क्रोमचे नियमच बदलले आणि हे प्लगिन तिथून हद्दपार झालं. त्याची धाकटी आवृत्ती २०२४मध्ये फायरफॉक्सच्या तपासनिसांनी चुकून अडवली. चूक मान्य केली, पण तोवर हिलने तिथून तिचं बिऱ्हाड हलवलं होतं. फुकट काम करणाऱ्याला खुलासा मागू नये. तो राजीनामा देतो, आणि त्याचा राजीनामा मंजूर करायला कुणी वरिष्ठ लागत नाही.

रिलीव्हर मिळाला नाही, तर दुसरी वाट असते. विकून टाकायची.

‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचं प्लगिन, न वापरलेल्या टॅब झोपवून ठेवणारं. वीस लाखांवर वापरणारे. सांभाळणारा एकटा, थकला. जून २०२०मध्ये एका अनोळखी गिऱ्हाइकाला ते विकलं. फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. मधल्या काळात टॅब झोपल्या होत्या. नवा मालक जागा होता.

अशी गिऱ्हाइकं किती असतात? ‘हॉवर झूम प्लस’ नावाच्या प्लगिनच्या लेखकाने आपल्याला आलेली विकत घेण्याची, जाहिराती घुसवण्याची, वापरणाऱ्यांची माहिती पुरवण्याची पत्रंच सर्वांपुढे मांडली. लांबलचक यादी आहे. ‘देखभाल आम्ही करू’ म्हणून एखादं पत्र मिळतं का, हे ज्याने त्याने शोधावं.

आणि आता खऱ्या रिलीव्हरची गोष्ट. हिला जरा वेळ देऊ.

फिनलंडचा लासे कॉलिन. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारं साधन वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळणारा. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर ते असतं आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. चांगल्या देखभालीची हीच खूण. २०२२ साली त्याच्या मागे काही लोकांनी टुमणं लावलं: दुरुस्त्या पडून आहेत, प्रकल्प मेलाय, नवा मेंटेनर आणा. त्यांच्यात एक नाव होतं जिगर कुमार. हो, वाचलंत ते बरोबर. टोचून टोचून मागणाऱ्याचं सोंग घ्यायचं तर भारतीय नाव शोभतं, असं कुणाला तरी वाटलं. राग यावा, तर वर सांगितलेला टी-शर्ट आठवतो.

कॉलिनने जाहीर उत्तर दिलं. मानसिक आजारपणामुळे फार होत नाही, आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे, हे लक्षात घ्या, अशा अर्थाचं. एवढं वाचून माणूस थांबतो.

टुमणं थांबलं नाही.

जिया टॅन तोवर आलाच होता. सालस, कामसू, वेळेवर. दुरुस्त्या पाठवणारा, तक्रारी निस्तरणारा, बदल्यात काही न मागणारा. थकलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या. २०२४च्या फेब्रुवारीत त्याने ५.६.० ही आवृत्ती काढली, आणि त्यात सर्व्हरमध्ये चोरवाटेने शिरायचा दरवाजा बेमालूम बसवला. दोन वर्षांवर पदरमोड करून कुणी इतका धीर धरला, ते आजवर कळलेलं नाही. टुमणं लावणारी नावंही त्याच कंपूतली असावीत, असा जाणकारांचा अंदाज. काम झाल्यावर तीही हवेत विरली.

हे पकडलं कुणी? कुठल्या सुरक्षा कंपनीने? सरकारी यंत्रणेने? नाही. मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेटाबेसवाल्याने. त्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! आपण पासबुक भरून घ्यायला अर्धा दिवस उभे राहतो आणि संशयही घेत नाही. २९ मार्च २०२४ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने ते जाहीर केलं. जगातले असंख्य सर्व्हर एका माणसाच्या चिडचिडेपणामुळे वाचले.

म्हणजे सगळ्या जगात, सगळ्या कंपन्यांत, सगळ्या सरकारांत, एकट्या मेंटेनरला ‘तू थकलास, मी थांबतो’ असं म्हणायला येऊन पोहोचला तो एकच. चोर.

बाकीचे वापरत होते.

चोरीनंतर सगळे जागे झाले. परिषदा झाल्या, अहवाल निघाले, ‘सप्लाय चेन’ हा शब्द मंत्र्यांच्या तोंडी बसला. मेंटेनरांकडे नव्या प्रश्नावल्या आल्या: तुमच्या प्रकल्पात किती जण आहेत? सुरक्षेचं धोरण काय? तुमच्यानंतर कोण? भरून पाठवा. प्रश्नावली भरायला वेळ कुठून आणायचा, हा रकाना त्यात नव्हता.

कुणाकुणाला रिलीव्हर मिळतो, नाही असं नाही. ‘व्हिम’ या मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरचा कर्ता ब्राम मोलेनार १९९१पासून ते सांभाळत होता. पैसे द्यायचेच तर युगांडातल्या मुलांना द्या, असं वापरणाऱ्यांना सांगायचा. ३ ऑगस्ट २०२३ला तो गेला, मग बरोबरच्या लोकांनी काम हाती घेतलं. म्हणजे रिलीव्हरसाठी एक अट असते. ती बरीच कडक आहे.

आमच्या ओळीतल्या पोराने हे सगळं वाचलंय. त्यालाही मागे एक पत्र आलं. कुणी परका माणूस, प्लगिनची फार स्तुती, देखभालीत हातभार लावायची तयारी, मोबदला नको. वडील खूश. “घेऊन टाक ना! आला तुझा रिलीव्हर.” पोराने विचारलं, याचं गेटपास कोण तपासणार? रेल मिलच्या माणसाला मुद्दा लगेच कळला. आयटीवाल्यांना पटवायला दोन परिषदा लागल्या असत्या.

बंद करून टाकावं, हाही विचार झाला. वर्डप्रेसच्या कोठारात त्याचीही सोय आहे: प्लगिनवर ‘अ‍ॅडॉप्ट मी’ अशी खूण लावायची, ‘मला दत्तक घ्या’. पण मग पहिलं पत्र कुणाचं येणार? त्याच परक्याचं. आणि नुसतं सोडून द्यावं, तर तीन आवृत्त्यांनंतर पट्टी लागणार, कुठल्यातरी शाळेच्या, कुठल्यातरी ग्रामपंचायतीच्या पानावरची तारीख रोमनमध्ये दिसणार, आणि पोराच्या नावाने ठणाणा होणार. ज्यांनी एक पैसा दिला नाही, त्यांना नुकसानभरपाईचा कायदा तोंडपाठ असतो.

तेव्हा त्याने मधला मार्ग काढला. वडिलांचाच सल्ला, कारखान्यात शटडाउन असतो, तुझ्यात का नाही? प्लगिनच्या पानावर त्याने नम्र सूचना लावली: दर रविवारी देखभाल बंद राहील, तक्रारींना सोमवारी उत्तर मिळेल, तसदीबद्दल क्षमस्व.

पहिला शेरा रविवारीच आला. एक तारा. प्लगिन उत्तम चालतं, असं प्रांजळपणे लिहिलं होतं. तारे कशाबद्दल कापले? सपोर्टला साप्ताहिक सुट्टी आहे.